घर समोरून नको, बाजूने बघा : गावोगावच्या कॉलन्यांमधली साधी घरं

फिरस्ता

गेली 22 वर्षं औषध कंपनीच्या कामासाठी महाराष्ट्र फिरतोय. मुक्काम स्टँडजवळच्या लॉजवर. डॉक्टर दहाच्या आत भेटत नाहीत, त्यामुळे सकाळचा तास-दीड तास माझा असतो. त्या वेळात मी गावाबाहेरच्या कॉलन्यांमधून चालतो. वाडे, गढ्या, जुनी देवळं यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते शिक्षक कॉलनी, गणेशनगर, समर्थनगर अशा नावांच्या वस्त्यांमधल्या घरांबद्दल. एन.ए. प्लॉट, दीड-दोन हजार फुटांचा. एखाद्या मास्तरांनी, तलाठ्याने, एसटीतल्या मेकॅनिकने कर्ज काढून बांधलेलं घर. त्याचा फोटो कोणी काढत नाही.

ही घरं समोरून आता सगळीकडे सारखी झाली आहेत. 'एलिव्हेशन' मोबाइलवर बघून ठरतं. स्टीलचं रेलिंग, दोन खांबांचा पोर्च, दाराशेजारी ग्रॅनाइटची पट्टी. इस्लामपूर असो की मलकापूर, तेच. कॉलम, बीम, स्लॅब हेही तेच. म्हणून बरेच जण म्हणतात की आता प्रदेशाप्रदेशांत फरक उरला नाही. मला हे पटत नाही. घर समोरून बघू नका, बाजूने बघा आणि वरून बघा.

बाजूने का, तर पैसे संपतात तिथे गिलावा थांबतो. दर्शनी भिंत रंगवून होते, बाजूची उघडी राहते, कधी दहा-दहा वर्षं. ती भिंत जिल्हा सांगते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याचे तांबडे चिरे, मधल्या दर्जा म्हणजे सांधे नीट भरलेले. कोल्हापूर-सांगली-कराड पट्ट्यात भट्टीची लाल वीट. नागपूर, चंद्रपूर, इकडे परळी या भागांत राखेची करडी वीट, कारण औष्णिक केंद्रं जवळ. त्या केंद्रांच्या परिसरातल्या बांधकामात राख वापरली जावी, असा नियम केंद्र सरकारने 1999 मध्ये केला आणि वीट बदलली. पुण्याच्या कडेला पांढरे हलके ब्लॉक. आणि सोलापूर-लातूरकडे अजूनही कुठे कुठे खालच्या अर्ध्या भिंतीला दगड, वर वीट.

वरून बघायचं ते यासाठी की स्लॅब सगळ्यांनी एकाच पद्धतीचा टाकला, पण टाकून झाल्यावर त्याच्यावर काय चढवलं ते ज्याचं त्याचं आहे. कोकणात स्लॅबवर पत्र्याचं छप्पर चढलं. नागपूरला चुन्याचा पांढरा थर आणि हिरवी जाळी. लातूरला टाक्यांची रांग. रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सोलापूरला त्याचा साधारण पाचवा हिस्सा. या दोन गावांना एकच छप्पर पुरणार नव्हतंच. वीसेक वर्षांत लोकांनी आपापल्या खर्चाने, कोणाला न विचारता, ते दुरुस्त करून घेतलं.

तुमच्या गावाकडच्या कॉलनीतल्या घराची बाजूची भिंत आणि गच्ची कशी आहे, ते लिहा. जुन्या वाड्यांचं कौतुक इथे नको, ही विनंती.

खाडीपलीकडे

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. तुम्ही लिहिलंय ते घर आमचंच वाटलं, बाजूच्या चिऱ्यांसकट.

बाबा एसटीत कंडक्टर होते. आधीचं घर कौलारू. दर मे महिन्यात शाकारणी, माणसं मिळेनात, वांदरं कौलं फोडायची, आणि पहिल्या पावसात माजघरात चार ठिकाणी भांडी ठेवायची. बाबा त्याला इतके कंटाळले होते की 1998 साली नवं घर बांधलं तेव्हा त्यांची एकच अट होती : स्लॅब. स्लॅब पडला त्या दिवशी त्यांनी गावाला जेवण घातलं.

सहा-सात वर्षं छान गेली. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल दिसली. डांबर झालं, मग वॉटरप्रूफिंगवाला येऊन गेला, मग दुसरा आला. चार महिने पाणी उभं राहणार आणि शेवाळ धरणार, तिथे सपाट छप्पर किती तग धरेल! 2009 मध्ये बाबांनीच पत्रे घातले. त्यांना ते फार लागलं होतं. पण आईला त्या पत्र्याखाली नवीन जागा मिळाली. कपडे तिथे, आमसुलं तिथे, सुपारी तिथे, पावसाळ्याची लाकडं तिथे. कौलारू घरात पडवीत जे जे व्हायचं ते सगळं आता वरच्या मजल्यावर होतं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळात पत्रे उडाले. दोन आमच्या वाडीत सापडले, बाकीचे सापडलेच नाहीत. पुन्हा घातले तेव्हा पाइप जाड घेतले आणि जे-हूक दुप्पट.

एक सांगते. स्लॅबच्या घरात गेल्यापासून आई म्हणायची की पाऊस पडतोय ते खिडकीतून बघितल्याशिवाय कळत नाही. पत्रे आल्यावरच्या पहिल्या पावसात ती रात्री उठून बसली होती. मी घाबरून विचारलं तर म्हणाली, "काही नाही गो, ऐकतेय."

सांदवाडी

धागा एकदम मस्त. वाचनखूण साठवली.

नागपूरकर. आमच्याकडे कॉलनी नाही म्हणत, ले-आउट म्हणतात. घराची बाजू बघायची म्हणता ना, तर आमच्या घराच्या बाजूला नावच आहे : सांदवाडी. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली ती चिंचोळी बोळ. धुणं-भांडी तिथे, सायकली तिथे, तुळशीच्या जास्तीच्या कुंड्या तिथे. आणि उन्हाळ्यात दुपारी बारानंतर त्या बोळीत सावली असते, म्हणून सगळ्यात थंड खोली त्या बाजूची. आम्ही पोरं परीक्षेचा अभ्यास सांदवाडीच्या दारात बसून करायचो.

आमच्या घराची खूण म्हणजे कूलर. बाहेरच्या माणसाला वाटतं कूलर ही वस्तू आहे, मार्चमध्ये आणली आणि जूनमध्ये ठेवून दिली. आमच्याकडे तो घराच्या नकाशात असतो. घर बांधतानाच ठरतं की हॉलची कोणती खिडकी कूलरची. तिचं माप कूलरच्या मापाचं. खाली लोखंडी स्टँड भिंतीत पक्का, शेजारी नळाची तोटी, वर जास्त रुंद छज्जा. समोरून दुसरी हवा निघून जायला खिडकी नसेल तर कूलर नुसती चिकचिक करतो, म्हणून खोल्या आरपार. पारा 47 च्या पुढे गेलेली गावं ही आमची. हवा कोरडी आहे म्हणून कूलर चालतो. तोच कूलर रत्नागिरीत लावला तर घामाने भिजाल.

आता नवीन घरांना एसी लागले आणि तो स्टँड गेला. त्या जागी रिकामी, कुणालाच न लागणारी मोठी खिडकी उरली आहे. माझ्या मामाने तिथे काचेचं कपाट केलं.

ओळंबा

स्थापत्य अभियंता. फिरस्ता, बाजूची भिंत आणि गच्ची बरोबर पकडलीत. मी तिसरी जागा सुचवतो : जोतं, म्हणजे भिंतीखालचा पायाचा चौथरा. तिथे जमीन बोलते.

कोकणात दोन-तीन फुटांवर कातळ लागतो, पाया खणायलाच सुरुंग लागेल अशी परिस्थिती. तिथे घराला तडे जातात ते बहुधा पायामुळे नव्हे. उलट परभणी, नांदेड, अकोला, यवतमाळ या भागांत काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घर त्या मातीवर बसवलं तर ते वर्षातून एकदा उचललं जातं आणि एकदा खाली बसतं. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरका तडा दिसला की समजा, पाया मुरमापर्यंत गेलेला नाही. या मातीसाठी रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगवटा असलेल्या खांबांचा पाया विकसित केला, अंडर-रीम्ड पाइल. साध्या घरमालकाला मात्र तो परवडत नाही. तो काळी माती काढतो, मुरूम भरतो, पाणी मारून धुम्मसने ठोकून घट्ट करतो आणि जोत्याच्या पातळीवर एक बीम फिरवतो. त्या बीमवर पैसे वाचवू नका, एवढं कळकळीने सांगतो. एलिव्हेशनवर लाख-दीड लाख घालून जोत्याच्या बीमचं लोखंड कमी करणारे लोक मी पाहिलेत. तीन वर्षांत त्याच एलिव्हेशनवर तडा दिसतो.

वऱ्हाडी_बाणा

ओळंबा यांच्या जोत्यात आमच्याकडची एक भर. अकोला-बुलडाण्यात पूर्णेकाठी खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारं, ते भिंतीतून वर चढते आणि लोणा, म्हणजे खाराचा थर, लागतो. गुडघ्यापर्यंत गिलावा दरवर्षी फुगून पडते. म्हणून तुम्हाला आमच्या गावात घराला बाहेरून खाली दोन-अडीच फूट टाइल्स लावलेल्या दिसतील. पाहुण्यांना वाटते शौक आहे. तो लोणा लपवला आहे, बापा. लोणा काही थांबत नाही, टाइलच्या वर येऊन बसते.

आणि फिरस्ता भाऊ, गच्चीचं म्हणाल तर, आमच्या आजोबांच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, दर जूनच्या आधी खारी माती पसरायची. त्या मातीतून पाणी झिरपत नाही. म्हणजे जो खार भिंत खातो, तोच छप्पर वाचवत होता.

मुद्देसूद

चर्चा चांगली चालली आहे, पण सगळं हवामान आणि माती यांच्यावरच टाकलेलं पटत नाही. कायदा आणि पैसा हे विसरलात.

फिरस्ता म्हणतात बाजूची भिंत बघा. बाजू असेल तर बघणार ना! सांगली, सोलापूर, संभाजीनगर या शहरांच्या कडेला हजारो घरं गुंठेवारीतली आहेत. शेतकऱ्याने एक-एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, विकला. ले-आउट मंजूर नाही, सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, नाही. घराला घर चिकटलेलं. 2001 मध्ये राज्याने गुंठेवारीचा कायदा करून अशी बांधकामं नियमित करायची वाट काढली. त्या घरांना तीन बाजूंनी खिडकीच नाही, म्हणून ती उंच होतात, पुढे गॅलरी काढतात आणि जिना बाहेरून घेतात, वरचा मजला भाड्याने देता यावा म्हणून. हा फरक नागपूरच्या रुंद प्लॉटच्या आणि सांगलीच्या गुंठ्याच्या कागदातला आहे, पावसातला नाही.

पैसाही तसाच. कोकणात गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या पैशातून घर उभं राहतं आणि दहा महिने कुलूपबंद असतं. ते सांभाळायला सोपं हवं, म्हणून पत्रा. उसाच्या पट्ट्यात बिल आलं की एक खोली वाढते. घराकडे बघून कोणत्या हंगामाला किती भाव होता ते सांगता येईल.

फिरस्ता

मुद्देसूद, तुमचा गुंठेवारीचा मुद्दा पूर्ण मान्य. मी चालतो त्या कॉलन्या मंजूर ले-आउटच्या आहेत, त्यामुळे माझ्या नजरेला ती बाजू दिसत राहिली. गुंठेवारीत मी कमी फिरलो, यापुढे फिरेन.

पण पत्रा केवळ चाकरमान्याच्या सोयीसाठी, हे नाही पटत. खाडीपलीकडे ताईंचं घर बारा महिने राहतं आहे. शिवाय ओल शिरल्यावर पत्रा घालणारे रत्नागिरी शहरातले नोकरदारच जास्त.

करवीर

कोल्हापूर. दर्शनी खोलीला आमच्याकडे सोपा म्हणतात. नवीन घरातही हॉल म्हणायला वयस्कर माणसं तयार नसतात. "सोप्यात बसा, चहा टाकतो."

इकडे गेल्या काही वर्षांत घरं बदलली ती पुरामुळे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, इकडे पंचगंगेनेही सगळी मापं मोडली. 2021 ला पुन्हा. त्यानंतर पूररेषेजवळच्या कॉलन्यांमध्ये जी नवी घरं झाली, ती सरळ खांबांवर. खाली गाडी, वर संसार. ज्यांचं आधीचं घर आहे त्यांनी बटणांचे बोर्ड खांद्याच्या उंचीवर नेले, फ्रिजला ओटा केला, इन्व्हर्टर माळ्यावर. माझ्या बहिणीच्या घरी हॉलच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती. रंग देताना तिने ती रेघ तेवढी सोडून दिली. आता ती खिडकीच्या वर सहा इंचांवर आहे. येणारा प्रत्येक जण आधी तिथे बघतो आणि मग बसतो.

लातूरची_लेक

या धाग्यावर लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आमच्या भागात घराकडे बघायची नजर 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे बदलली. किल्लारीचा भूकंप. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. माझं आजोळ औसा तालुक्यात. तिथली घरं माळवदाची : अडीच-तीन फूट रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर फळ्या आणि फूट-दीड फूट मातीचा थर. उन्हाळ्यात आत गेलं की अंग निवायचं. त्या मातीखालीच माणसं गेली. मी सातवीत होते.

त्यानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं. शहरातही लोक दगडाला घाबरायला लागले. आमच्या आजोबांनी उरलेली सात वर्षं पुढच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये काढली. घर शाबूत होतं, मजबूत आहे असं इंजिनिअर सांगून गेले होते, तरी ते आत झोपायला गेले नाहीत. म्हणायचे, पत्रा पडला तर जखम होईल, माणूस जाणार नाही. तेव्हा कॉलम-बीमचं एकसारखं घर पाहून कोणाला कंटाळा येत असेल, तर येऊ दे. आम्हाला ते खांब दिसले की झोप लागते.

गच्चीवरच्या टाक्यांचं फिरस्तादादांनी बरोबर लिहिलंय. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आधीही नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. म्हणून पोर्चखाली हौद असतो, गाडी हौदावर उभी राहते. नवीन घर बघायला गेलं की आम्ही आधी विचारतो, हौद किती लिटरचा? खोल्या किती हे नंतर.

ओळंबा

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. त्या भिंतींबद्दल थोडं सांगतो, कारण अजून कित्येक गावांत तशी घरं उभी आहेत. तीन फुटी भिंत एकसंध दिसते, पण ती बाहेरचा एक थर आणि आतला एक थर अशी असते, मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड घातलेले नसले, तर हादऱ्याने थर एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते आणि वरचं सगळं ओझं खाली येतं. भूकंपानंतर दुरुस्तीच्या कामात भिंतीला ठरावीक अंतरावर भोक पाडून, सळई घालून काँक्रीट भरायची पद्धत वापरली गेली. छपरावरचा मातीचा थर कमी केला तरी मोठा धोका टळतो. ज्यांचं घर असं आहे त्यांनी जाणकाराला दाखवून घ्या.

मांडवी_काठ

फोंड्याहून. करवीर यांचा सोपा वाचून फार आनंद झाला! आमच्याकडे दारापुढच्या बल्कांवात, म्हणजे छप्पर असलेल्या ओट्यावर, दोन बाजूंना बसायचे जे बांधीव कट्टे असतात, त्यांना सोपो म्हणतात. घाटावर खोलीचं नाव, घाटाखाली बसायच्या जागेचं.

गोव्यात नव्या साध्या घरांनी वेगळी वाट काढली. कोकणात आधी सपाट स्लॅब आणि मग वर पत्रा. इथे स्लॅबच तिरका टाकतात आणि त्यावर मंगळुरी कौलं बसवतात. खर्च जास्त. पण बाहेरून घर कौलारूच दिसतं, आत ओल नाही. आमच्या जुन्या घराच्या कौलांवर बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा आणि 1865 चा ठसा आहे. त्या वर्षी मिशनने मंगळूरला कारखाना काढला. नवीन घर बांधताना वडिलांनी ती कौलं उतरवून धुऊन पुन्हा वापरली. मिस्त्री नको म्हणत होता, बाबांनी ऐकलं नाही.

प्लेनो_ते_परभणी

मी मूळ परभणीचा, 14 वर्षं डॅलसच्या उपनगरात. अमेरिकेत सगळी घरं एका साच्याची असं भारतात अनेकांना वाटतं. अजिबात नाही. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे, त्याच्या घराला तळघर आहे. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. एवढं खणायचंच आहे तर तळघर करून घेतात. भिंतीबाहेर प्लास्टिकच्या पट्ट्या. आमच्याकडे टेक्ससमध्ये तळघर बहुतेक नाहीच. जमिनीवर सपाट स्लॅब, वर लाकडी सांगाडा, बाहेरून विटेचा एक पदर. ती वीट भार घेत नाही, नुसती पांघरलेली असते. ॲरिझोनातल्या मित्राकडे गिलाव्याच्या मातकट भिंती आणि कौलं.

पण मी लिहायला आलो ते ओळंबा यांचा प्रतिसाद वाचून. इथे डॅलसलाही काळी चिकणमाती आहे! तशीच फुगते, तशीच फाटते. म्हणून स्लॅबमध्ये ताणलेल्या तारा घालतात, आणि उन्हाळ्यात लोक घराच्या चहूबाजूंनी झिरपणारे पाइप टाकून पायाला पाणी देतात. माती एकसारखी ओली राहिली की घर हलत नाही. मोठं झाड भिंतीजवळ लावू नका, मुळं पाणी ओढतात, असंही सांगतात. माझे वडील इथे आले होते तेव्हा मी पायाला पाणी देतोय हे बघून थोडा वेळ उभे राहिले, मग वाकून माती हातात घेतली, चुरली आणि म्हणाले, "ही तर आपलीच आहे." परभणीच्या घरातला कडुलिंब त्यांनी याच कारणासाठी तोडला होता. तेव्हा आम्ही भावंडं त्यांच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो.

आजीची_ओसरी

शब्दांची यादी कोणीतरी करा ना. दारातून आत शिरल्यावरची पहिली जागा : आमच्या पुण्यात ओसरी, कोकणात ओटी, कोल्हापुरात सोपा, विदर्भात छपरी. मराठवाड्यात?

लातूरची_लेक

ढाळज. पण ती वाड्याची. साध्या घराच्या पुढच्या खोलीला आता बैठकच म्हणतात.

खाडीपलीकडे

ओटीच्या आधी पडवी येते हं, आणि तिच्याही आधी खळं. पावसाळ्यात पडवीला झापांची झड बांधायची. आता त्या जागी निळी ताडपत्री.

फिरस्ता

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. जोतं, लोणा, हौद, पुराची रेघ, यातलं निम्मं मी इतकी वर्षं बघूनही वाचलं नव्हतं. ओळंबा, तुमच्या सांगण्यावरून काल अकोल्यात मुद्दाम दारांच्या चौकटींचे कोपरे बघत गेलो. एका गल्लीत सलग पाच घरांना तोच तिरका तडा, एकाच दिशेला. सहाव्याला नव्हता. मालक बाहेर झाडांना पाणी घालत होते, त्यांना विचारलं. म्हणाले, "मुरूम लागेपर्यंत खणत गेलो, साडेआठ फूट. शेजारचे हसत होते."

सोमवारी नंदुरबारला आहे. तिकडचं कोणी असेल तर कोणत्या भागात फिरू ते सांगा.